मोतीबिंदू काढण्याआधी डोळ्याची दोन मापे



शेतकी खात्याच्या या पानावर आपण एरवी बेणे, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, पाचट आणि खोडव्याची निगा यांबद्दल वाचता. या खेपेस आम्ही डोळ्यांबद्दल लिहीत आहोत. शेतकी खात्याला डोळ्यांचे काय पडले आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मागील गळीत हंगामात आमच्या गट ऑफिसात एक प्रकार घडला. त्यातून आम्ही जे शिकलो, ते साठी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या कानावर जावे असे वाटल्याने हा लेख लिहिला आहे.

अकरा की सतरा?

जानेवारीचा महिना होता. तोडणी ऐन भरात होती. गोदाकाठच्या एका गावचे आमचे जुने सभासद सकाळीच ऑफिसात आले. वय सत्तरीच्या पुढे. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. नानांनी खिशातून काट्याची पावती काढून टेबलावर आपटली.

"साहेब, काट्यावर पोरगं सतरा टन म्हनलं, अन् पावतीवर तर अकराच दिसू राह्यले. सहा टन ऊस गेला कुठं?"

आम्ही पावती पाहिली. निव्वळ वजन १७.३४० टन, अगदी स्वच्छ छापलेले होते. तसे सांगितले, तरी नानांचा विश्वास बसेना. त्यांनी पावती परत घेतली, डोळ्याजवळ नेली, मग हात लांब करून धरली, मान तिरकी केली. पावतीवरचे आकडे इंग्रजी असतात. त्यातला एक आणि सात यांत फरक तो काय, वरच्या आडव्या रेघेचा.

"जवळ धरलं की उभी रेघ दिसती, लांब धरलं की आडवी. दोन्ही एकदम दिसतच न्हाई," नाना म्हणाले.

चौकशी करता कळले की दिवाळीच्या सुमारास नानांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डाव्या डोळ्याचे व्हायचे होते. ऑपरेशननंतर रस्ता दिसू लागला, माणसे ओळखू येऊ लागली, म्हणून ते खुशीत होते. वाचण्यासाठी त्यांनी आठवडी बाजारातून तयार चष्मा घेतला. पण पावतीवरचे आकडे काही केल्या सुटे दिसेनात. तीन आठवडे ते मनातल्या मनात काट्यावर संशय घेत होते. पारावर बोलून झाले होते. पावती वाचून दाखवणाऱ्या पुतण्याशी भांडण होऊन बोलणे बंद झाले होते.

इथे आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवीत नाही. चार माणसांदेखत आम्ही म्हणून गेलो, "नाना, तुमचं ऑपरेशनच बिघडलेलं दिसतं." ऑफिसात बसलेले आणखी दोन वयस्क सभासद ते ऐकत होते. दोघांचीही ऑपरेशने व्हायची होती. त्यांपैकी एकाने तिथल्या तिथे सांगून टाकले की, मग आपण काही डोळा कापून घेत नाही. आमच्या अर्धवट बोलण्याने एका माणसाचा डोळा जाण्याची वेळ आली होती.

पुढच्या सुटीच्या दिवशी आम्ही नानांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या सवयीने औरंगाबादला, एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. नानांच्या पिशवीत पहिल्या दवाखान्याची फाइल होती. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झाले आहे. भिंग जागेवर आहे. डोळ्याचा पडदाही चांगला आहे. राहिला आहे तो पुढच्या काचेचा नंबर. त्याचे माप तुमच्या फाइलीतच आहे, ते कुणी तुम्हाला समजावून सांगितलेले दिसत नाही." फाइलीच्या शेवटच्या पानावर दीड महिन्याने चष्म्याच्या नंबरासाठी यावे, असेही लिहिलेले होते. पण दीड महिना झाला तेव्हा टोळी फडात होती आणि नाना गेलेच नाहीत.

डोळ्यात दोन भिंगे असतात

मोतीबिंदू कशाला म्हणतात हे बहुतेकांना ठाऊक आहे. बाहुलीच्या मागे आपल्या डोळ्यात जन्मजात एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाप्रमाणे ते गढूळ होत जाते, तोच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये हे गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात.

परंतु डोळ्यात प्रकाश वळवणारे आणखी एक भिंग आहे आणि ते यापेक्षाही जोरदार आहे. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक आवरण असते, त्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मराठीत पारपटल असा शब्द आहे. भिंगाची ताकद डायॉप्टर या मापाने मोजतात. सर्वसाधारण माणसाच्या पारपटलाची ताकद ४३ ते ४४ डायॉप्टर असते, म्हणजे डोळ्याच्या एकूण ताकदीच्या सुमारे दोनतृतीयांश. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये हे पारपटल बदलत नाहीत. ते जसे आहे तसेच राहते.

आता मोसंबीची एक फोड कापून पालथी ठेवा. तिचा फुगवटा उभा पाहा की आडवा पाहा, सारखाच. पण लिंबू पालथे ठेवले तर लांबीच्या बाजूने त्याचा बाक सपाट आणि रुंदीच्या बाजूने जास्त असतो. पारपटल मोसंबीसारखे असेल तर सर्व बाजूंचा प्रकाश एका बिंदूत येतो. लिंबासारखे असेल तर उभ्या दिशेचा प्रकाश एका ठिकाणी आणि आडव्या दिशेचा दुसऱ्या ठिकाणी एकवटतो. मग एकच रेघ स्पष्ट दिसते, दुसरी पसरते. नानांना नेमके हेच होत होते. या दोषास पुस्तकात दृष्टिवैषम्य म्हणतात, चष्म्याच्या दुकानात सिलिंडरचा नंबर म्हणतात.

बाजारातला तयार चष्मा सर्व दिशांनी सारख्याच ताकदीचा असतो, म्हणून या दोषावर त्याचा उपयोग होत नाही. शेत एका बाजूला उताराचे असताना सगळीकडे सारखीच माती टाकली, तर उतार तसाच राहतो. तसेच हे आहे.

हा दोष थोडाफार जवळजवळ प्रत्येकाच्याच डोळ्यात असतो. अर्ध्या-पाऊण डायॉप्टरचा फरक सहसा जाणवत नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या सुमारे तिघांपैकी एकाच्या पारपटलात एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक फरक आढळतो, असे देशोदेशींच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. इतका फरक ऑपरेशननंतर चष्म्यावाचून खटकतोच.

वयाचाही एक भाग आहे. तरुणपणी पारपटलाचा बाक बहुधा उभ्या दिशेने जास्त असतो. साठीनंतर तो हळूहळू आडव्या दिशेने जास्त होत जातो. तरुण वयात घट्ट असलेल्या पापण्यांचा ताण उतारवयात सैल पडतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणून चाळिशीत काढलेल्या नंबरावर सत्तरीत विसंबता येत नाही.

माप घेतात कसे?

थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली आपल्या स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजला. जॉर्ज एअरी हे पुढे ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यांनी १८२५ साली स्वतःच्या डोळ्यासाठी एकाच दिशेने बाक असलेली काच घासून घेतली. पारपटलाचा बाक मोजण्याचे यंत्र जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५०च्या दशकात सिद्ध केले. १८८१ साली पॅरिसमध्ये जावाल आणि शिओट्झ यांनी ते दवाखान्यात वापरण्याजोगे केले. त्याच तत्त्वावरची यंत्रे आजही वापरात आहेत. त्यांना केराटोमीटर म्हणतात.

यातले तत्त्व साधे आहे. स्टीलच्या डावाच्या पाठीत आपले तोंड पाहा. डाव जितका फुगीर, तितके तोंड लहान दिसते. पारपटलही तसाच फुगीर आरसा आहे. यंत्रातून ठरावीक आकाराची प्रकाशाची खूण डोळ्यावर टाकतात आणि तिचे प्रतिबिंब किती लहान झाले ते मोजतात. त्यावरून बाकाची त्रिज्या मिळते. हे माप आधी एका दिशेने आणि मग तिच्या काटकोनात दुसऱ्या दिशेने घेतात.

त्रिज्येवरून ताकद काढण्याचा हिशेब शाळेतल्या भागाकाराइतका सोपा आहे. बहुतेक यंत्रांत ३३७.५ या आकड्याला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागतात. नानांच्या डोळ्याची उभ्या दिशेची त्रिज्या ७.९९ मिलिमीटर भरली, म्हणजे ताकद सव्वा बेचाळीस डायॉप्टर. आडव्या दिशेची ७.५४ मिलिमीटर, म्हणजे ताकद पावणेपंचेचाळीस. दोन त्रिज्यांतला फरक अर्धा मिलिमीटरही नाही, पण नंबरात अडीच डायॉप्टरचा फरक झाला आणि पावतीवरचे सतरा टन अकरा दिसू लागले.

आता यंत्रे संगणकीकृत झाली आहेत. काही यंत्रे पारपटलाचा रंगीत नकाशाच काढून देतात. ठिबकसाठी आपण शेताची पातळी काढून समपातळी रेषा आखतो, अगदी तसाच तो दिसतो. नकाशात दोन्ही बाजूंना सारखा डमरूचा आकार दिसला तर दोष नियमित, म्हणजे चष्म्याने किंवा भिंगाने सुधारण्याजोगा असतो. आकार वेडावाकडा असेल तर डॉक्टर अधिक सावधगिरीने पुढे जातात.

यात सभासदांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, मोतीबिंदू कितीही दाट असला तरी हे माप घेता येते. कारण ते पुढच्या काचेवरून परतणाऱ्या प्रकाशाचे माप आहे. त्याला आतल्या गढूळ भिंगातून जावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, जुन्या चष्म्याच्या नंबरावरून हे माप ठरत नाही. चष्म्याच्या नंबरात पारपटल आणि आतले भिंग या दोघांचा वाटा असतो. आतले भिंग ऑपरेशनमध्ये निघून जाते, तेव्हा त्याचा वाटाही जातो. उरते ते पारपटलाचे वैषम्य, म्हणून तेच वेगळे मोजावे लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे, हे माप दुहेरी कामाचे आहे. डोळ्यात किती ताकदीचे भिंग बसवायचे, ते ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा बाक ही दोन्ही मापे लागतात. डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची चूक झाली तर सुमारे अडीच डायॉप्टरची चूक होते. बाकाच्या मापात एका डायॉप्टरची चूक झाली तरी नंबर जवळजवळ तितकाच चुकतो.

आम्ही फडात हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने उसाचा ब्रिक्स पाहतो, ते आपण पाहिलेच असेल. तो कधी नुसत्या बुडख्याचा पाहत नाही. बुडखा गोड झाला आणि शेंडा कच्चा राहिला तर ऊस पक्व धरीत नाही. शेंडा आणि बुडखा दोन्ही पाहून तोडणी ठरते. डोळ्याचेही तसेच आहे. एका दिशेचे माप म्हणजे अर्धे माप.

माप कशाने चुकते?

हा भाग आपल्यासारख्या उन्हातान्हात काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

कोरडा डोळा. उतारवयात डोळ्यातील पाणी कमी होते. त्यात फडातली धूळ, पाचट जाळल्याचा धूर आणि उन्हाळी वारा. पारपटलावर अश्रूंचा पातळ थर नीट नसेल तर प्रतिबिंब फाटके पडते आणि माप दर वेळी निराळे येते. अशा वेळी डॉक्टर काही दिवस थेंब घालायला देऊन माप पुन्हा घेतात. "माप घ्यायला किती फेऱ्या मारायच्या?" असे म्हणून चिडू नये.

आधी घातलेले थेंब. डोळा बधिर करण्याचे थेंब घातल्यावर किंवा लांबी मोजण्यासाठी डोळ्याला सळई टेकवल्यावर पारपटलाचा पृष्ठभाग काही काळ बिघडतो. म्हणून बाकाचे माप आधी आणि स्पर्श करणारी तपासणी नंतर, हा क्रम योग्य होय. तपासणीच्या सकाळी डोळे चोळू नयेत.

वाढलेले मांस. ऊन आणि धूळ यांमुळे शेतकऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळावर मांस सरकत येते. ते पारपटल ओढून त्याचा आकार बदलते. मांस मोठे असेल तर बहुधा ते आधी काढून, डोळा स्थिरावल्यावर पुन्हा माप घेऊन, मग मोतीबिंदूचे ऑपरेशन करतात. त्यात काही आठवडे जातात, पण ते वाया जात नाहीत.

उसाच्या पात्याची जखम. उसाच्या पात्याची धार किती असते ते तुम्हांस सांगावयास नको. पाते बुबुळाला लागले तर जखमेत बुरशीची लागण होऊ शकते. बरी झाली तरी मागे पांढरा डाग राहतो. आपण त्याला फूल पडणे म्हणतो. अशा डोळ्याचे पारपटल खडबडीत होते. पुढे मोतीबिंदू काढताना त्याचे माप घेणे कठीण जाते. म्हणून पाते लागल्यास त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. हळद, मध, दूध असले काही डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी बुरशी अधिकच फोफावते. तोडणीच्या टोळीतील मजुरांनाही हे सांगावे. त्यांच्या डोळ्यांची जबाबदारी आपल्यावर आहे.

माप घेतल्यावर काय करतात?

नानांच्या फाइलीतले ऑपरेशनपूर्वीचे माप होते पावणेत्रेचाळीस आणि साडेचव्वेचाळीस. म्हणजे फरक पावणेदोन डायॉप्टरचा. ऑपरेशननंतर तो अडीच झाला होता. हे कसे, असे आम्ही विचारले तेव्हा डॉक्टरांनी छेदाचे गणित सांगितले.

पारपटलाच्या कडेला जिथे छेद घेतात, त्या दिशेचा बाक थोडा सपाट होतो. सहा-सात मिलिमीटरचा, बिनटाक्याचा छेद वरच्या बाजूने घेण्याची पद्धत आपल्याकडे शासकीय दवाखान्यांत आणि शिबिरांत सर्रास वापरली जाते. ती सुरक्षित आहे, स्वस्त आहे आणि तिने लाखो लोकांना दृष्टी दिली आहे. परंतु वरच्या छेदाने उभी दिशा सपाट होते. ज्याचा बाक आधीच आडव्या दिशेने जास्त आहे, त्याचा फरक त्यामुळे वाढतो. अशा रुग्णास कानाच्या बाजूने छेद घेतला तर फरक थोडा कमी होतो. फेको पद्धतीत छेद दोन-अडीच मिलिमीटरचाच असतो, तेव्हा ही उलथापालथ थोडी होते. म्हणजे छेद कुठे घ्यायचा, हेदेखील मापावरून ठरवता येते.

फरक जास्त असेल तर दोन मार्ग असतात.

एक मार्ग साध्या भिंगाचा. ऑपरेशन साध्या भिंगाने करावे आणि चार ते सहा आठवड्यांनी सिलिंडरचा नंबर काढून चष्मा घ्यावा. नियमित दोष असेल तर चष्म्याने नजर चांगली सुधारते. यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा मार्ग टोरिक भिंगाचा. या भिंगातच उलट दिशेचा बाक घातलेला असतो, त्यामुळे दूरचे पाहण्यास बहुतेकदा चष्मा लागत नाही. मात्र ते नेमक्या दिशेने बसावे लागते. एक अंश फिरले तर सुमारे तीन टक्के परिणाम कमी होतो, दहा अंश फिरले तर तिसरा हिस्सा जातो आणि तीस अंश फिरले तर काहीच फायदा उरत नाही. माणूस आडवा झाला की डोळाही किंचित फिरतो. म्हणून दिशेची खूण रुग्ण बसलेला असतानाच करतात. हे भिंग महाग असते आणि मोफत योजनांत ते सर्वसाधारणपणे मिळत नाही. जवळचे वाचण्यास चष्मा तरीही लागतोच. कोणी "टोरिक घेतले नाही तर दिसणार नाही" असे म्हणत असेल तर ते खरे नाही. फरक अर्ध्या डायॉप्टरचा असेल तर त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही.

यात शास्त्र अजूनही पुढे जात आहे. पारपटलाच्या पाठीमागच्या पृष्ठभागालाही स्वतःचा बाक असतो. जुनी यंत्रे फक्त पुढचा मोजतात. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. डग्लस कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, मागची बाजू हिशेबात न घेतल्यास चूक होते. ज्यांचा बाक आडव्या दिशेने जास्त आहे, त्यांचा खरा फरक यंत्रावर दिसतो त्यापेक्षा बहुधा थोडा अधिक असतो. आपले वयस्क सभासद बहुतांशी याच गटात मोडतात. म्हणून टोरिक भिंग घेणार असाल तर डॉक्टरांनी ही बाब धरली आहे ना, असे विचारण्यास हरकत नाही.

कुठून कुठे आलो

आमच्या लहानपणी मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसे बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा लावीत. तेव्हा नुसते भिंग काढीत, बदली भिंग बसवीत नसत. छेद मोठा, त्यावर टाके, आणि टाक्यांच्या ओढीने पारपटल वाकडे व्हायचे. कृत्रिम भिंग पहिल्यांदा लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी बसवले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे राहून गेले, तरी डोळा ते सहन करतो, असे त्यांना आढळले होते. आपल्या देशात ही भिंगे सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास बरीच वर्षे लागली. तमिळनाडूत मदुराई येथे १९९२ साली अरविंद नेत्ररुग्णालयाच्या मंडळींनी स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला, त्याने किंमत खाली येण्यास मोठी मदत झाली.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून चालू आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण सारे घाटी म्हणतो, १९५६ साली सुरू झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या गोरगरीब तिथेच डोळे दाखवीत आले आहेत. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी घरातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी खेडोपाडीच्या रुग्णांसाठी मोतीबिंदूचे जे काम केले, त्याबद्दल त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, हेही सर्वांस ठाऊक आहे. तरीसुद्धा २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे कारण म्हणून मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्क्यांवर भरला. म्हणजे दर तीन अंधांमागे दोघांचे अंधत्व ऑपरेशनने घालवण्याजोगे होते. म्हणून या लेखातून कोणी ऑपरेशन टाळण्याचा अर्थ काढू नये. ऑपरेशन करावेच, पण माप समजून घेऊन करावे.

सभासदांनी एवढे करावे

१. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२. ऑपरेशनपूर्वी "माझ्या पारपटलाचे दोन्ही दिशांचे माप किती आहे आणि फरक किती आहे?" असे विचारावे. इंग्रजी शब्द लागला तर केराटोमीटरचे रीडिंग म्हणावे.

३. मापाच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. सातबारा जपतो तसा तो जपावा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आणि चष्म्याच्या वेळी तो उपयोगी पडतो.

४. फरक एक डायॉप्टरहून जास्त असेल तर छेद कोणत्या बाजूने घेणार आणि नंतर चष्मा लागेल का, हे आधीच विचारावे.

५. डोळ्याला पूर्वी पाते, काडी, दगड लागला असल्यास किंवा मांस वाढले असल्यास तसे सांगावे. मधुमेह असल्यास तोही सांगावा.

६. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी नंबर काढण्यास अवश्य जावे. ऊसतोड असली तरी जावे. बाजारातल्या तयार चष्म्यावर भागवू नये.

७. वयस्क माणसाबरोबर वाचता येणारे घरचे कोणीतरी जावे आणि डॉक्टर सांगतात ते लिहून घ्यावे.

नानांच्या चष्म्यात अडीचचा सिलिंडर आला. चष्मा आल्यावर नाना पहिल्यांदा गट ऑफिसात आले आणि म्हणाले, "ती पावती काढा." आम्ही नक्कल काढून दिली. त्यांनी हात न हलवता, मान न वाकवता वाचली. "सतरा टन तीनशे चाळीस." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पुतन्याकडं जावं लागंल आता."

ते गेले. पारावरही जाऊन काटा बरोबर होता असे सांगून आले. आम्हीही त्या दिवशी ऑफिसात बसलेल्या दोघा सभासदांच्या घरी गेलो आणि नानांचे ऑपरेशन बिघडलेले नव्हते, आमचे बोलणे चुकीचे होते, असे सांगितले. त्यांपैकी एकाचे ऑपरेशन उन्हाळ्यात झाले. दुसरे अजून हो-नाही करीत आहेत. आम्ही त्यांच्या मागे आहोत.

नानांच्या डाव्या डोळ्याचे मापही घेऊन झाले. फरक सव्वादोनचा आहे, त्याही डोळ्यात आडव्या दिशेनेच. कानाच्या बाजूने छेद आणि नंतर चष्मा, असे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. मापाची प्रत त्यांनी स्वतः मागून घेतली.

ज्या सभासदांच्या घरी मोतीबिंदूचे रुग्ण आहेत, त्यांनी हा अंक त्यांना वाचून दाखवावा. फाइलीतले माप समजत नसेल तर गट ऑफिसात घेऊन यावे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण कागदावर दोन मापे आहेत की एकच, आणि पुढची तारीख कोणती लिहिली आहे, एवढे आम्ही नक्की वाचून सांगू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग